अवयव शाबूत, कारण बेपत्ता

बातमीचा साचा आता पाठ झाला आहे. राधानगरीच्या बाजूला गवा मेला, शाहूवाडीत उसाच्या फडात बिबट्या मरून पडलेला दिसला. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं, 'सर्व अवयव शाबूत असल्याने मृत्यू नैसर्गिक असावा' असं सांगण्यात आलं आणि शवाची विल्हेवाट लागली. दुसऱ्या दिवशी विषय संपला.

नखं आहेत, दात आहेत, शिंगं आहेत, कातडी अंगावर आहे. म्हणजे कुणी शिकार केलेली नाही. ठीक. पण मग ते जनावर मेलं कशानं? आपल्याकडची मेलेल्या वन्यप्राण्याची सगळी चौकशी गुन्ह्याच्या अंगानं जाते आणि गुन्हा नाही असं दिसलं की थांबते. आजार हा प्रश्न कुणाच्या रकान्यातच नाही. कोल्हापूर जिल्ह्यानं हा रकाना स्वतःहून उघडावा आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा इथंच, जिल्ह्याच्या ठिकाणी उभी करावी, असं माझं म्हणणं आहे.

गुन्ह्याच्या अंगानं विचार होतो त्याला कारण आहे, हे मान्य. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा नियमच सांगतो की वाघ मेला की वेगळं सिद्ध होईपर्यंत ती शिकार धरायची. तस्करीचा इतिहास पाहता हा नियम योग्यच आहे. अडचण पुढं येते. तुम्ही कोणता प्रश्न विचारता त्यावर नमुना कोणत्या बरणीत जाणार ते ठरतं. विषप्रयोगाचा संशय असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडं जातात. रोग शोधायचा असेल तर त्याच अवयवांचे सेंटिमीटरभरापेक्षा पातळ काप फॉर्मॅलिनमध्ये पडावे लागतात, तेही तुकड्याच्या दहापट द्रावणात. विषाणू शोधायचा तर वेगळा तुकडा बर्फात. मिठात बुडवलेल्या यकृताचा सूक्ष्मदर्शकाखाली फारसा उपयोग नाही, आणि बर्फात गोठवलेल्याच्या पेशी फुटून गेलेल्या असतात. गव्यासारख्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मेल्यानंतरही आंबण्याची भट्टी चालूच राहते. उन्हाळ्यात दुपारपर्यंत शव फुगतं, आतले अवयव विरघळू लागतात. सकाळी दिसलेलं शव दुसऱ्या दिवशी फाडलं तर कारण सापडण्याची आशा सोडून द्यावी. म्हणून 'नमुने पाठवले आहेत' एवढ्या वाक्यावर समाधान मानू नये. कोणते, कशात, किती वेळानं, हे विचारावं.

कारण न शोधल्याची किंमत काय असते, हे गिधाडांनी आपल्याला शिकवलं आहे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांना गिधाडं माना टाकून बसलेली आणि पटापट मरताना दिसू लागली. बघता बघता देशभरातून ती गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. संशय सगळ्यांवर घेऊन झाला: कीटकनाशकं, अन्नाचा तुटवडा, आणि बराच काळ एखादा अनोळखी विषाणू. विषाणूचा अंदाज शहाणपणाचा वाटत होता, पण विषाणू काही सापडेना. उलगडा झाला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. पाकिस्तानी पंजाबात गोळा केलेल्या मेलेल्या गिधाडांपैकी बहुतेकांच्या मूत्रपिंडांवर, यकृतावर, हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं बंद पडून युरिक आम्ल साठल्याची ती खूण. मग शोध उलट्या दिशेनं सुरू झाला: मूत्रपिंड बंद पाडणारं असं काय या पक्ष्यांच्या पोटात जातं? उत्तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. डायक्लोफेनॅक. दुखणाईत गाईम्हशींना सर्रास टोचलं जाणारं, स्वस्त, वेदनाशामक इंजेक्शन. जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, गिधाडं मेली. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना न मारणारा पर्याय पुढं आला.

या हकिकतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, आरोपी आपल्याच गोठ्यातल्या औषधांच्या फळीवर होता; जंगलात हिंडून तो सापडला नसता. दोन, तो सापडेपर्यंत गेलेली वर्षं परत मिळाली नाहीत. मेलेल्या पहिल्या काही गिधाडांची नीट तपासणी नव्वदच्या दशकातच झाली असती तर बंदी आधी आली असती, असं म्हणायला कुणी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आणि दूधदुभत्यावर उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यानं तर ही हकिकत विशेष लक्षात ठेवायला हवी. गोठा आणि रान यांच्यामध्ये इथं कुंपण नाही.

ते कसं नाही हे पाहायचं असेल तर राधानगरीच्या कडेच्या कोणत्याही वाडीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी थांबा. गावची जनावरं ज्या ओढ्यावर पाणी पिऊन परततात, त्याच ओढ्यावर अंधार पडल्यावर गवे उतरतात. ३५१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य गव्यासाठीच ओळखलं जातं, आणि गवा म्हणजे शेवटी गाईच्याच कुळातलं जनावर. गाईला होणारं लाळ्या-खुरकूत त्याला होतं, घटसर्प त्याला होतो. १९६८ मध्ये बुळकांडीच्या साथीनं बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात गव्यांचे कळप झोपवले होते. बुळकांडी पुढं लसीकरणानं जगातून हद्दपार झाली, २०११ मध्ये तशी घोषणाही झाली. पण जंगलातला रोग संपला तो गावोगावच्या गोठ्यांतल्या लसीमुळं, हे विसरून चालणार नाही. तेव्हा मेलेल्या गव्याच्या खुरांत, जिभेवर, हिरड्यांवर फोड होते का, हे पाहणं वनखात्याइतकंच पशुसंवर्धन खात्याच्या आणि दूध संघांच्या कामाचं आहे. आपण पाहतो का?

माकडाची गोष्ट तर थेट माणसाच्या जिवाशी येते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं तापानं फणफणली. पहिला संशय पिवळ्या तापाचा होता, कारण दक्षिण अमेरिकेत त्या तापाची चाहूल अशीच मेलेल्या माकडांवरून लागते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी नमुने तपासले तेव्हा कळलं की हा गोचिडांतून पसरणारा, आजवर माहीत नसलेला विषाणू आहे. तोच आपला माकडताप. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला, मग बांद्याच्या बाजूला. काजूच्या बागांत आणि रानात पालापाचोळ्यात काम करणारी माणसं गेली. दोडामार्ग म्हणजे आपल्या चंदगडातून तिलारीचा घाट उतरलं की लागतं, आणि आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडी किती लांब? माकडांना आणि गोचिडांना जिल्ह्याची हद्द कुणी शिकवलेली नाही.

या रोगात मेलेलं माकड ही सगळ्यात आधी येणारी वर्दी असते. माकड मेलं की त्याच्या अंगावरची गोचिडं गार पडलेलं शव सोडून आजूबाजूच्या पाल्यात उतरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची होते. तिथं औषधाची धुरळणी करायची, माणसांना जाऊ द्यायचं नाही, आसपासच्या लोकांना अंगाला लावायचं तेल द्यायचं, हे सगळं पहिल्या दिवशी करायचं काम. आता आपल्याकडं काय होतं ते पाहा. माकड म्हणजे मारुतीराया. गावकरी भक्तिभावानं जमतात, अंघोळ घालतात, तिरडी बांधतात, भजन म्हणत नेऊन पुरतात. श्रद्धेवर मला बोलायचं नाही; भजन जरूर म्हणावं. पण त्याआधी हातमोजे घातलेल्या माणसानं नमुना घ्यावा, आणि त्याचं उत्तर आठवड्याभरात गावात परत यावं, एवढी सोय सह्याद्रीच्या कुशीतल्या जिल्ह्यात असू नये?

यावर नेहमीचं उत्तर येतं की अंदाज बांधता येतो की, अनुभवी माणसाला लक्षणांवरून कळतं. कळतं, बऱ्याचदा कळतं. पण अंदाजानं कसा दगा दिला जातो त्याचं मला आवडणारं उदाहरण रशियाच्या अति-पूर्वेकडचं आहे. तिथल्या आमूर वाघांत कुत्र्यांचा डिस्टेंपर शिरला. वाघ भान हरपल्यासारखे रस्त्यावर, वस्तीत येऊन उभे राहू लागले. सगळ्या जगानं एकमुखानं गावच्या कुत्र्यांकडं बोट दाखवलं. नावातच कुत्रा असलेला रोग, दुसरं कोण असणार? मग कुत्र्यांचे, रानातल्या छोट्या मांसाहारी प्राण्यांचे आणि वाघांचे विषाणू ताडून पाहिले. २०२० मध्ये निष्कर्ष आला की वाघांतला विषाणू मुख्यतः रानातल्याच प्राण्यांतून येतोय. नुसती कुत्र्यांना लस देत बसलात तर वाघ वाचणार नाहीत. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एकाच भागात २३ सिंह गेले, तेव्हाही मारामारीपासून सुरू झालेली चर्चा डिस्टेंपरवर येऊन स्थिरावली ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं नमुने तपासल्यावरच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणून सोडली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात आहे. चांदोलीच्या भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांत, तिथल्या उदमांजरांत, कोल्ह्यांत काय फिरतंय याची नोंद वाघ आणण्याच्या आधी असायला हवी, वाघ आजारी पडल्यावर गोळा करायची ती वस्तू नाही.

पिंजऱ्यातल्या प्राण्यांचं तरी बरं असेल असं वाटतं, कारण तिथं रोज पाहणारा माणूस असतो. तरीही पुढची जंत्री फार दूरची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. बर्ड फ्लू, हे भोपाळच्या प्रयोगशाळेनं सांगितलं तेव्हा जानेवारी उजाडला होता. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रजला चितळ मेली, १६. लाळ्या-खुरकूत. नोव्हेंबरात बेळगावजवळच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात चार-पाच दिवसांत तीसच्या आसपास काळविटं गेली, घटसर्पानं. बेळगाव आपल्यापासून शंभरेक किलोमीटर. यातला एकही रोग परग्रहावरून आलेला नाही, तिन्हींची नावं आपल्या कुठल्याही गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली असतात. तिन्ही ठिकाणी रोगाचं नाव मात्र शवांची रांग लागल्यावर कळलं.

आणि माधुरी. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला गेली आणि अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. ती जायला हवी होती की नको, या वादात मी इथं शिरत नाही. त्यावर कोल्हापुरात प्रत्येकाचं मत आहे आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याला सांगायचं आहे. मला त्या दिवसांतली वेगळीच गोष्ट खटकली. हत्तिणीचे पाय, नखं, सांधे यांवर चहाच्या गाड्यावर चर्चा चालली होती, आणि जिल्ह्यात असं एकही ठिकाण नव्हतं की जिथल्या माणसाकडं बोट दाखवून दोन्ही बाजूंनी म्हणावं, 'हा सांगेल ते मान्य.' माणसांच्या सहवासातल्या हत्तीचा क्षयरोग घ्या. तो बहुधा माणसाकडूनच हत्तीला होतो. तपासायचा तर सोंडेत सलाइन ओतून, सोंड वर धरून, मग पिशवीत फुंकायला लावून नमुना घ्यायचा, तो वेगवेगळ्या तीन दिवशी, आणि जंतू वाढतात की नाही याची आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. हे काम वर्षानुवर्षं शांतपणे, कुणाचा खटला चालू नसताना व्हायचं असतं. एकदा वाद न्यायालयात गेला की वैद्यकीय कागद हा पुरावा होतो, आणि पुराव्याला बाजू असते. ज्या संस्थानात हत्तींच्या साठमारीसाठी, म्हणजे डिवचलेल्या हत्तीशी माणसांच्या खेळासाठी, आखाडे होते, आफ्रिकेतून आणलेले चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते, तिथं जनावर पाहून सांगणाऱ्यांची परंपरा काही कमी नव्हती. आज हत्तीबद्दल भावना शिल्लक आहे, पाहणारा डोळा आपण गमावला.

आता खर्चाचा मुद्दा, कारण तो येणारच. विषाणूंची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा कोल्हापुरात बांधा असं मी म्हणत नाही. ती भोपाळला आहे, पुण्याला आहे, पुरेशी आहे. इथं लागतं ते त्याच्या आधीचं, कमी दिमाखाचं काम. प्राण्यांच्या विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) शिकलेला एक माणूस, एक तंत्रज्ञ, ऊतींचे पातळ काप करणारं यंत्र, चांगला सूक्ष्मदर्शक, उणे ८० अंशांचा फ्रीझर, धुता येईल अशी शवविच्छेदनाची फरशी आणि शव जाळण्याची भट्टी. शिवाय प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात एक पेटी: फॉर्मॅलिनच्या बरण्या, काचपट्ट्या, स्वॅब, हातमोजे, बर्फाचा डबा. आणि एक सवय, शव फाडण्याआधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहण्याची. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग, असेल तर ते शव उघडायचंच नसतं. उघडलं तर त्या जंतूंचे बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात, आणि सुरी धरणाऱ्या माणसाला काळपुळी होण्याची भीती वेगळी. ही सुरी आज कोण धरतो? कृत्रिम रेतन, लसीकरण आणि गाभण म्हशींच्या धावपळीतून वेळ काढून आलेला तालुक्याचा डॉक्टर, ज्याच्या शिक्षणात बिबट्या जेमतेम भेटलेला असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या पाठीशी कुणी उभं नाही.

नमुने जमवण्याची शिस्त आपल्याला जमणार नाही, हे तर कोल्हापूरकरानं बोलूच नये. या जिल्ह्यात गावागावांतल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरच्या दुधाचा नमुना घेतला जातो, फॅट लावली जाते, पावती हातात पडते आणि दूध थंड राहून शहरात पोचतं. पाऊस असो, पूर असो. बर्फाच्या डब्यातली एक बाटली वाडीवरून कोल्हापूरला रोज पोचवणारा रस्ता तयारच आहे. त्यावरून वर्षातून काही वेळा माकडाच्या किंवा गव्याच्या नमुन्याची वेगळी, सीलबंद पेटी नेता येणार नाही? दूध संघांनी यात पैसाही घालावा, कारण रानातलं लाळ्या-खुरकूत वेळीच कळणं हा त्यांचा धंद्याचा फायदा आहे, उपकार नाही.

जास्त अवघड अडचण निराळी आहे, आणि तिच्यावर कुणी मोकळेपणी बोलत नाही. कारण कळलं तर ते सांगावं लागेल. माकडताप म्हटलं की पर्यटक येणार नाहीत, बर्ड फ्लू म्हटलं की कोंबडीचा भाव पडेल, म्हणून अहवाल फायलीत राहिलेला बरा असं अनेकांना वाटतं. माझी मागणी उलट आहे. दर महिन्याला एक कागद निघावा: कोणता प्राणी, कुठल्या गावात, कोणत्या तारखेला, शव किती वेळानं तपासलं, कारण काय. 'कारण सापडले नाही' असंही त्यात बिनदिक्कत लिहावं. खूपदा तेच लिहावं लागेल, आणि 'नैसर्गिक मृत्यू'पेक्षा ते कितीतरी खरं आहे. दोन-तीन वर्षं असे कागद साठले की त्यातून जे दिसतं ते एका-एका शवात कधीच दिसत नाही.

सगळ्यात अवघड रकाना माणसांचा असेल. गवा रान सोडून शिवारात, कधी थेट शहराच्या कडेला येतो, आणि बातमी लागताच शेकडो माणसं, मोटारसायकली, मोबाइल, शिट्ट्या. जनावर तासन् तास पळत राहतं. अशा जीवघेण्या पळापळीत स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडं तुंबवतं, रक्त आम्लधर्मी होतं. काही जनावरं तिथंच कोसळतात, जसा डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला आलेला गवा त्या दिवशीच गेला. काही मात्र सुखरूप रानात परतल्यासारखी दिसतात आणि काही दिवसांनी कुठल्यातरी ओढ्याकाठी मरून पडतात. तेव्हा अंगावर जखम नसते, गोळी नसते, सगळे अवयव शाबूत असतात. मांडीच्या स्नायूचा आणि मूत्रपिंडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मात्र खरं कारण दिसू शकतं. तो अहवाल गव्यामागं गाड्या घालणाऱ्यांना रुचणार नाही, गर्दी न आवरणाऱ्या पोलिसांना आणि वनखात्यालाही नाही. तरी तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, ज्या गावच्या शिवारात ती पळापळ झाली त्याच्या नावासकट.